भिंतीवरचं शेवाळ कसं काढायचं: माझ्या चुकांसकट

दसरा झाला की पुण्यात सहकारनगरच्या आमच्या गल्लीत दोन आवाज सुरू होतात. एक गच्चीवर गाद्या झोडपल्याचा आणि दुसरा कुंपणाच्या भिंतीवर खराटा घासल्याचा. दुसऱ्या आवाजात गेली १७ वर्षं माझाही खराटा असतो. त्यातली पहिली चार-पाच वर्षं मी दर दिवाळीला भिंत हिरवीची पांढरी करायचे आणि पुढच्या श्रावणात ती पुन्हा हिरवी व्हायची, आदल्या वर्षीपेक्षा जरा जास्तच. ३१ वर्षं मी शाळेत मुलींना विज्ञान शिकवलं, ब्रायोफायटाच्या आकृत्या फळ्यावर काढल्या, ‘वनस्पतिसृष्टीचे उभयचर’ घोकून घेतलं, आणि स्वतःच्या भिंतीवरचे उभयचर काही मला हटवता येत नव्हते.

डोळे उघडले ते गवंडीमामांनी. पायऱ्यांचं काम करायला आले होते. मी ब्लीचिंगची बादली घेऊन उत्तरेकडच्या भिंतीशी झटत होते. मामा तंबाखू मळत शेजारी येऊन उभे राहिले, वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाले, “बाई, धुताय ते ठीक हाय. पण हितं पाणी कुठनं येतंय ते कधी बघितलंत का?”

नव्हतं बघितलं. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप भिंतीपासून जेमतेम चार बोटं पुढे आलेला होता. मोटर बंद करायला आमच्याकडे रोज कुणीतरी विसरायचं (कोण ते लिहीत नाही, ते हे वाचणार आहेत), टाकी भरून वाहायची आणि ते पाणी ओघळत थेट भिंतीवरून खाली यायचं. पावसाळा चार महिन्यांचा, आमचा ओघळ बारा महिन्यांचा. मामांनी त्या पाइपाला हातभर तुकडा जोडला, आणि त्या वर्षानंतर तेवढा पट्टा पुन्हा हिरवा झाला नाही. ब्लीचिंगशिवाय.

म्हणून खराटा उचलायच्या आधी भिंतीसमोर दहा मिनिटं नुसतं उभं राहा. शेवाळ कुठे आहे आणि कुठल्या आकाराचं आहे, त्यावरून पाणी कुठून येतंय ते बऱ्यापैकी कळतं.

वरून खाली आलेला, ओघळासारखा निमुळता पट्टा असेल तर वर काहीतरी गळतंय: पाइपाचा सांधा, ओव्हरफ्लो, एसीची नळी, फुटलेली पन्हाळ. मे महिन्यात, सगळीकडे करपलेलं असताना एखादा पट्टा हिरवागार दिसला तर नव्व्याण्णव टक्के ती एसीची नळी. जमिनीपासून फूट-दीड फूट उंचीचा, सगळीकडे सारख्या उंचीचा हिरवा पट्टा म्हणजे पावसाचे शिंतोडे. पागोळी जमिनीवर आपटते, चिखलासकट भिंतीवर उडते. त्यावर उपाय भिंतीवर नाही, जमिनीवर आहे: भिंतीलगत फूटभर रुंदीची खडी टाका. खडीवर पडलेलं पाणी उडत नाही. भिंतीला लागून मातीचा वाफा केला असेल तर तो हलवा. मी माझा अबोलीचा वाफा हलवला, दोन दिवस जिवावर आलं होतं.

छज्ज्याच्या खाली, जिथे पाऊस पोचायलाच नको तिथे हिरवं असेल तर छज्ज्याच्या खालच्या कडेची खाच बघा. चांगला गवंडी छज्ज्याच्या तळाशी, कडेपासून दोन बोटं आत, बोटभर रुंदीची खाच ठेवतो. पाणी कडेवरून वळून आत सरकायला लागलं की त्या खाचेशी अडतं आणि टपकून पडतं. रंगाचे थर चढून चढून ही खाच बुजते. आमची बुजली होती. जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, स्टुलावर उभं राहून, मान मोडेपर्यंत ती मोकळी केली.

आणि कुंपणाची भिंत वरून खाली एकसारखी हिरवी असेल तर तिचा माथा बघा. माथा सपाट असतो, त्यात भेगा असतात, पाणी वरून भिंतीच्या पोटात उतरतं आणि दोन्ही अंगांनी बाहेर येतं. माथ्याला उतार देऊन गिलावा करून घेतल्याशिवाय अशी भिंत धुण्यात अर्थ नाही. त्यावर कुंड्या मांडल्या असतील तर विचारूच नका.

आता उत्तरेच्या भिंतीबद्दल, कारण पुण्यात सगळ्यांचं दुखणं तिथेच असतं. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे पश्चिमेची भिंत जास्त भिजते. पण दुपारी ऊन पडलं की ती सुकते. उत्तरेची भिंत कमी भिजते आणि सुकतच नाही. पुण्यात मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे उत्तरेच्या भिंतीला दुपारचं ऊन मिळायची वर्षातली हीच काय ती संधी, आणि नेमकं तेव्हाच अर्धा वेळ आभाळ भरलेलं. पुण्यात वर्षाला ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्याच्या मानानं काहीच नाही. पण शेवाळाला धो-धो पाऊस लागत नाही. दिवसभर चालणारी भुरभुर आणि न वाळणारी भिंत, एवढं त्याला पुरतं. आमच्या उत्तरेला शेजाऱ्यांचं जांभूळ आहे, ते उरलासुरला उजेडही अडवतं. फांद्या छाटायच्या म्हटलं तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. १९७५ चा कायदा आहे, आणि फांदीलाही लागू आहे. आम्ही अर्ज केला, छाटणी झाली, भिंतीला वारा लागायला लागला. शेजाऱ्यांशी जांभळांची वाटणी मात्र नव्यानं करावी लागली.

आता प्रत्यक्ष काम. आधी एवढं बघा की भिंतीवर नक्की काय आहे, कारण आपण सगळ्यालाच शेवाळ म्हणतो.

बुळबुळीत, पातळ, रंग लावल्यासारखा हिरवा थर म्हणजे शैवाल. याला मुळं नाहीत, काही नाही. पेशी नुसत्या चिकटून बसलेल्या असतात. हे सगळ्यात सोपं. मखमलीसारखी मऊ उशी, बोटानं दाबली तर दबते आणि पाणी सोडते, ते मॉस. आमच्या पुस्तकातली फ्युनारिया याच घराण्यातली. याला मुळांसारखे तंतू असतात, त्यांना मूलाभ म्हणतात, आणि ते गिलाव्याच्या बारीक छिद्रांत शिरलेले असतात. तिसरं, काळे ओघळ. लोक म्हणतात ही धूळ, हा धूर, गाड्यांची काजळी. बऱ्याचदा ते नील-हरित शैवाल असतं, उन्हापासून बचावासाठी काळपट रंगद्रव्य तयार करणारं. उन्हाळ्यात वाळून कोळशासारखं दिसतं, पहिल्या सरीबरोबर पुन्हा जिवंत. मधूनच नारिंगी-विटकरी, मखमली डाग दिसतात, तेही शैवालच; जात हिरव्या शैवालाची, रंग गाजराचा. आणि करड्या-पोपटी, चकतीसारख्या, कडेनं कुरळ्या खपल्या म्हणजे दगडफूल. हो, गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे नातलग. भिंतीवरचं मसाल्यात घालायचं नाही, हे एका माजी विद्यार्थिनीला मला खरोखर सांगावं लागलं.

नव्या भिंतीवर यातलं काहीच का येत नाही? ताजं सिमेंट अत्यंत अल्कधर्मी असतं, सामू (पीएच) १२-१३. त्यात काही तग धरत नाही. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू पृष्ठभाग मवाळ करतो, सामू ९ च्या आसपास उतरतो, आणि तीन-चार वर्षांत पाहुणे येऊन टेकतात. चुन्याकडे मी शेवटी वळणार आहे, तेव्हा हे लक्षात असू द्या.

वेळ कुठली निवडायची? माझं मत पक्कं आहे: पाऊस परतल्यावर लगेच, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून दिवाळीच्या आत. तेव्हा मॉस अजून ओलं आणि जिवंत असतं, म्हणजे पुट्टीच्या पत्र्याखाली सलग निघतं आणि औषधही पिऊन घेतं. ऑक्टोबरच्या उन्हानं भिंत नंतर खडखडीत वाळते. मे महिन्यात काढायला जाल तर ते वाळून भुसा झालेलं असतं, नाकातोंडात जातं आणि बीजाणू अंगणभर पसरतात. बरेच जण रंगाच्या घाईत मेमध्येच काढतात. ऑक्टोबरमध्ये धुऊन रंग मेमध्ये द्यायला कुणी अडवलंय?

सामान फार नाही. नायलॉनचा कडक ब्रश, कुंचा, खराटा, पुट्टीचा पत्रा, दोन प्लॅस्टिकच्या बादल्या, बागेचा फवारणी पंप, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, डोळ्यांना गॉगल, आणि टाकून द्यायच्या लायकीचे कपडे. ब्लीचिंगनं माझी एक चांगली नारायणपेठ गेली. ‘अर्ध्या तासाचं तर काम आहे’ असं म्हणून तिच्यावरच गेले होते. तारेचा ब्रश घेऊ नका. तो गिलाव्यावर ओरखडे काढतो, ओरखड्यांत पाणी साठतं, आणि तारेचे तुटलेले बारीक तुकडे दगडात अडकून पुढे गंजाचे डाग देतात.

नुसत्या हिरव्या बुळबुळीत थरासाठी ब्लीचिंग पावडर पुरते. पावसाळ्यात महापालिकेचे लोक गटाराच्या कडेनं जी पांढरी रांगोळी घालतात, तीच. चांगल्या पावडरीत ३० टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण पिशवी उघडी राहिली, ओल लागली, की तो उडून जातो आणि हातात निव्वळ चुना उरतो. डबा उघडल्यावर नाकात झणका आला नाही तर ती पावडर परत करा. १० लिटरच्या बादलीला साधारण ३०० ग्रॅम घ्या. आधी थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, मग बादली भरा, काठीनं ढवळा आणि अर्धा तास निवळू द्या. वरचं स्वच्छ पाणी तेवढं दुसऱ्या बादलीत ओतून घ्या. खालचा गाळ भिंतीला लावलात तर पांढरे डाग राहतात.

लावायच्या आधी भिंतीलगतची झाडं साध्या पाण्यानं भिजवा आणि वर जुनं प्लॅस्टिक टाका. भिंतही ओली करा, म्हणजे ती औषध आत ओढून घेत नाही. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर लावा, भर उन्हात ते पाच मिनिटांत वाळतं आणि काम करत नाही. आणि खालून वर लावत जा. वरून सुरुवात केली की ओघळ कोरड्या शेवाळावरून जातात आणि त्यांच्या रेघा नंतर निघता निघत नाहीत. १५-२० मिनिटं ठेवा, मधेच वाळायला लागलं तर पुन्हा एक हात मारा. मग नायलॉनच्या ब्रशानं घासा आणि भरपूर पाण्यानं धुवा. काळ्या ओघळांना हेच दोनदा करावं लागतं. दहा बाय सहा फुटांच्या भिंतीला मला एक बादली पुरते.

मॉसला मात्र ब्लीचिंग फसवतं. वरचा भाग पांढरा पडतो, आपण खूश होतो, आणि आतले मूलाभ शाबूत. म्हणून मॉस आधी खरवडायचं. पुट्टीचा पत्रा भिंतीशी जवळजवळ आडवा धरा आणि उशीच्या कडेखाली सारा. ओलं मॉस गालिच्यासारखं उचललं जातं. एकदा एक उशी उलटी करून बघा. मी माझं शाळेतलं भिंग काढून बघितलं होतं: खालच्या बाजूला तपकिरी तंतूंचं जाळं, आणि त्या जाळ्यात अडकलेले वाळूचे कण, साखरेचे दाणे गुंडाळावेत तसे. ती वाळू माझ्या गिलाव्याची होती. गिलावा आधीच भुसभुशीत झालेला होता आणि मॉसनं त्याला धरून ठेवलेलं होतं. अशा जागी मॉस काढल्यावर नखानं खरवडून बघा. वाळू सुटत असेल तर तेवढा गिलावा काढून नव्यानं करून घ्यावा लागतो, नुसतं धुऊन भागत नाही. खरवडलेलं सगळं झाडून पोत्यात भरा. तिथेच सोडलंत तर पहिल्या पावसात ते पुन्हा खालच्या वितीवर रुजतं.

त्यानंतर औषध. मी बेन्झाल्कोनियम क्लोराइड वापरते. पोल्ट्रीवाले शेड निर्जंतुक करायला वापरतात तेच, दुकानात ‘बीकेसी’ म्हणून मागायचं. रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास दुकानांची रांगच आहे, विचारत गेलं की मिळतं. ५० टक्क्यांचं मिळालं तर एक लिटरात २५ ते ३० लिटर पाणी, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत-बाहेर. घरगुती कामाला पाव लिटरची बाटलीही पुरते. भिंत वरून कोरडी, आतून किंचित दमट असावी, आणि पुढचे दोन दिवस तरी पाऊस नसावा. पंपानं फवारा आणि विसरून जा. धुवायचं नाही. ब्लीचिंगसारखी लगेच जादू दिसत नाही. आठवड्याभरात उरलेलं हिरवं पिवळट, मग तपकिरी पडतं, मग खराट्यानं झाडलं की जातं. दगडफुलाच्या खपल्यांना महिना-दोन महिनेही लागतात, तिथे धीर धरा, खरवडू नका. साबणानं भिंत धुऊन लगेच हे मारू नका, साबणामुळे ते निकामी होतं. मासे पाळलेल्या टाकीजवळ किंवा कमळाच्या कुंडाजवळ नको, माशांना ते विष आहे. मांजरं घरात असतील तर वाळेपर्यंत त्यांना आत ठेवा, ती पाय चाटतात.

आता ज्यासाठी मला खरं म्हणजे हे सगळं लिहायचं होतं, ते अ‍ॅसिड. तिसऱ्या वर्षी भाच्यानं सुचवलं, “मावशी, संडासाचं अ‍ॅसिड मार, एका मिनिटात भिंत कोरी.” मारलं. फसफसलं, धूर आला, आणि भिंत खरंच कोरी झाली. गल्लीतल्या दोघी-तिघी बघून गेल्या. मुलींना ‘कॅल्शियम कार्बोनेट अधिक हायड्रोक्लोरिक आम्ल’ हे समीकरण तीस वर्षं सोडवायला लावणाऱ्या बाईच्या डोक्यात त्या वेळी हे आलं नाही की फसफसतंय ते शेवाळ नाही, माझी भिंत आहे. आम्लानं सिमेंटचा वरचा गुळगुळीत थर खाल्ला, आतली वाळू उघडी पडली, आणि पुढच्या श्रावणात त्या खरखरीत, सच्छिद्र भिंतीवर मॉसचा असा गालिचा आला की त्यावर बसावं. अखेर तो सगळा गिलावा पाडला. जुन्या वाड्याच्या भिंती तर चुन्यात बांधलेल्या. तिथे अ‍ॅसिड म्हणजे दगडांमधला चुनाच धुऊन काढणं.

आणि ब्लीचिंग व अ‍ॅसिड कधीही, कुठल्याही कारणानं, एकत्र येऊ देऊ नका. एकाच बादलीत नाही, एकामागोमाग त्याच भिंतीवर नाही, कोपऱ्यातल्या मोरीतही नाही. दोन्ही मिळाली की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो, आणि दोन भिंतींमधल्या अरुंद बोळात आपण नेमके खाली वाकूनच काम करत असतो. डोळे चुरचुरायला लागले, खोकला आला, की बादली तिथेच टाकून मोकळ्या हवेत या. बादली वाचवत बसू नका. ब्लीचिंगमध्ये फिनेल, अमोनियाचा क्लीनर, बीकेसी यातलंही काही मिसळायचं नाही.

मिठाचं पाणीही लोक सुचवतात. मीठ गिलाव्यात मुरतं, ओल आली की विरघळतं, वाळलं की स्फटिक होऊन फुगतं, आणि पोपडे धरतात. नको.

प्रेशर मशीनबद्दल मी जरा कडवट आहे. एका वर्षी भाड्यानं मशीन घेऊन येणारा एक माणूस बोलावला. आमच्या घराचं जोतं काळ्या दगडाचं आहे, दर्जांमध्ये, म्हणजे दगडांमधल्या फटींत, सिमेंट भरलेलं. त्यानं नळी दगडापासून वीतभर अंतरावर धरली आणि शेवाळाबरोबर दर्जाही उडवल्या. तेव्हा कळलं नाही, दगड कसे तुकतुकीत निघाले म्हणून चहा पाजला. पुढच्या जुलैत देवघराची भिंत आतून ओली, मागच्या कोनाड्यात पोपडे. मशीन वापरायचंच असेल तर दाब कमी, पंखा तोंडाची नळी, किमान हातभर अंतर, आणि पाण्याचा झोत सरळ दर्जेत न मारता तिरका, वरून खाली. मॉस खरवडून, औषध मारून, मेल्यावर धुवायला ते ठीक आहे. जिवंत शेवाळावर मारलंत तर त्याचे तुकडे समोरच्या भिंतीवर उडतात आणि तिथेही संसार थाटतात.

पिंपळाचं रोप दिसलं तर शेवाळ सोडून आधी त्याच्याकडे बघा. पावसाळ्यात भिंत मऊ असताना, दोन पानांचं असतानाच, मुळासकट ओढा. वीतभर वाढलं की मूळ आत गेलं, मग गवंडीच. पिंपळाच्या मुळात हिंग भरतात असं ऐकून मी भरला होता. पिंपळ वाढतच राहिला, अंगणाला मात्र फोडणीचा वास येत होता.

दुसऱ्या मजल्याचं काम स्वतः करू नका. ओल्या भिंतीशी, साबणासारख्या पायांनी, शिडीवर, एका हातात ब्लीचिंग, हे वय कुठलंही असलं तरी नको. दोर लावून काम करणारे रंगारी बोलवा, त्यांना औषध कुठलं वापरायचं ते सांगा आणि अ‍ॅसिडची बाटली दिसली तर काम थांबवा.

फरशीवरच्या, ओट्यावरच्या, पायऱ्यांवरच्या बुळबुळीत थराला मी रसायन वापरत नाही. उकळतं पाणी, दोन-तीन वेळा, एक दिवस आड, आणि खराटा. जिथे माणसं चालतात तिथलं आधी काढायचं, भिंत नंतर. आमच्या दूधवाल्यांनी मागच्या पायरीवर घसरून मनगट मोडून घेतलं, त्या वर्षी मी भिंतीचं आधी करून पायरी रविवारवर ठेवली होती.

भिंत स्वच्छ झाली की रंगाची घाई होते. थांबा. धुतलेली भिंत ऑक्टोबरच्या उन्हातही नीट वाळायला दोन-तीन आठवडे घेते. तपासायचं असेल तर वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून थेंब धरले असतील तर भिंत अजून ओली आहे. ओल्या भिंतीवर ‘वॉटरप्रूफ’ रंग दिला की ओल आत कोंडते आणि रंगाला फुगे येतात, जिलबीसारखे. बाहेरच्या रंगांत शेवाळरोधक घटक असतो हे खरं, पण तो पावसाबरोबर हळूहळू झिजतो, कायमचा नसतो.

कुंपणाच्या भिंतीला मी आता रंग देतच नाही, चुना देते. आपल्या आज्या दर दिवाळीला भिंती का पांढऱ्या करायच्या, याचं एक उत्तर त्या सामूत आहे. ताजा चुना सिमेंटइतकाच अल्कधर्मी असतो, दर वर्षी नवा हात म्हणजे शेवाळाला दर वर्षी पाटी कोरी. कळीचा चुना प्लॅस्टिकच्या नव्हे, जुन्या लोखंडी घमेल्यात भिजवा. पाणी टाकलं की तो खदखदतो आणि प्लॅस्टिक वाकतं. चुन्यात पाणी ओतताना तोंड लांब ठेवा, डोळ्याला गॉगल हवाच. एक रात्र मुरू द्या, धोतराच्या फडक्यानं गाळा, दुधासारखा पातळ करा, त्यात थोडा भिजवलेला डिंक. भिंत ओली करून कुंच्यानं तीन पातळ हात द्या. लावताना काहीच दिसत नाही, वाटतं पाणीच फासलं. वाळता वाळता पांढरा होतो. आधीच तैलरंग किंवा प्लॅस्टिक पेंट असलेल्या भिंतीवर मात्र तो धरत नाही, तिथे आधी सगळं खरवडावं लागेल.

मागच्या, कुणाला न दिसणाऱ्या भिंतीला मी चुन्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) घालते. द्राक्षवाले फवारतात ते बोर्डो मिश्रणच: एक टक्क्याचं म्हणजे १०० लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, आपण त्याच्या दशांशानं करायचं. मोरचूद मात्र लोखंडी भांड्यात भिजवू नका, तांबं भांड्यावर चढून बसतं आणि पाणी फुकट जातं. प्लॅस्टिकच्या बादलीत वेगळं भिजवा, मग चुन्याच्या निवळीत ओता. भिंतीला फिकट आकाशी छटा येते. मला आवडते. आमच्यांना ती ‘नळाच्या खोलीचा रंग’ वाटते.

आता उरलं एकच काम, आणि ते जूनमध्ये करायचं. पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा छत्री घेऊन घराभोवती एक चक्कर मारा, पाऊस चालू असतानाच. थांबल्यावर नाही. कुठली पन्हाळ भरून वाहतेय, कुठली पागोळी भिंतीला घासून पडतेय, कुठे पाणी वळून छज्ज्याखाली शिरतंय, हे तेव्हाच दिसतं. यंदा मी फिरले तर वरच्या भाडेकरूंनी बसवलेल्या नव्या एसीची नळी अगदी भिंतीला टेकवून सोडलेली. खाली बोटभर रुंदीची हिरवी रेघ उमटायला लागली होती. मी भिजत त्यांची बेल वाजवली. ते दार उघडून म्हणाले, “काकू, एवढ्या पावसात?” नळीला हातभर तुकडा त्याच संध्याकाळी जोडला गेला.